जिवाणूंच्या पेशीतील जीवनसत्त्वाचे दार

जीवनसत्त्वे पेशीत वाहून नेणाऱ्या प्रथिनांची रचना, त्यांचे कार्य आणि औषधनिर्मितीतील त्यांचे महत्त्व

ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची चर्चा आता घरोघरी होते. रक्ततपासणीच्या अहवालात त्याचे प्रमाण पाहिले जाते आणि ते कमी आढळल्यास गोळ्या किंवा इंजेक्शने दिली जातात. मात्र हे जीवनसत्त्व केवळ माणसालाच लागते असे नाही. आपल्या आतड्यात वस्ती करून असणाऱ्या अनेक जिवाणूंनाही त्याची गरज असते आणि त्यांपैकी पुष्कळांना ते स्वतः तयार करता येत नाही. ते त्यांना बाहेरूनच मिळवावे लागते.

जिवाणूची पेशी चहूबाजूंनी बंदिस्त असते. अशा पेशीत ब-१२ सारखा अवजड रेणू शिरतो कसा, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे दीर्घकाळ होता. पेशीच्या आवरणात बसविलेली काही विशिष्ट प्रथिने हे काम करतात. त्यांना वाहक प्रथिने म्हणतात. गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत या प्रथिनांची रचना अणूंच्या पातळीपर्यंत उलगडली आहे. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंची संख्या वाढत असताना या संशोधनाला वेगळे महत्त्व प्राप्त झाले आहे. कारण ज्या दाराने जीवनसत्त्व आत जाते, त्याच दाराने औषधही आत पाठविता येईल काय, हा त्यापुढचा प्रश्न आहे.

जिवाणूंना जीवनसत्त्वे कशासाठी लागतात?

पेशीतील रासायनिक क्रिया विकरे घडवून आणतात. यांपैकी अनेक विकरांना एकट्याने काम करता येत नाही. त्यांना एखाद्या लहान साहाय्यक रेणूची जोड लागते. बहुतेक ब-जीवनसत्त्वे पेशीत हीच भूमिका बजावतात. थायमिन, म्हणजे ब-१, शर्करेपासून ऊर्जा मिळविण्याच्या क्रियेत लागते. रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२, इलेक्ट्रॉनांची देवघेव करणाऱ्या विकरांना लागते. फोलेट डीएनएचे घटक तयार करण्यासाठी, तर बायोटिन मेदाम्लांच्या निर्मितीसाठी आवश्यक असते. ब-१२ च्या साहाय्याने मेथिओनिन हे अमिनो आम्ल तयार होते.

काही जिवाणू ही जीवनसत्त्वे स्वतः बनवितात. परंतु ते काम खर्चिक असते. एकट्या ब-१२ च्या निर्मितीसाठी जवळजवळ तीस विकरांची साखळी लागते. निसर्गात हे जीवनसत्त्व केवळ काही जिवाणू आणि आर्किया हे सूक्ष्मजीव तयार करतात. वनस्पती आणि प्राणी ते तयार करू शकत नाहीत. दुधासारख्या सकस माध्यमात वाढणाऱ्या जिवाणूंना आयती जीवनसत्त्वे मिळत राहिल्याने उत्क्रांतीच्या ओघात त्यांनी ती बनविण्याची जनुके गमावली. अशा जिवाणूंचे जीवन पूर्णतः वाहक प्रथिनांवर अवलंबून असते.

भुकेल्या जिवाणूंची मदत

जिवाणूंचे हे परावलंबित्व माणसाच्या उपयोगी पडले, याचा इतिहास भारताशीही जोडलेला आहे. ब्रिटिश वैद्यकीय संशोधक ल्युसी विल्स १९२८ मध्ये भारतात आल्या. मुंबईतील गरोदर स्त्रियांमध्ये, विशेषतः कापड गिरण्यांतील कामगार स्त्रियांमध्ये, आढळणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टचा अर्क दिल्यास हा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला.

हा घटक शुद्ध स्वरूपात मिळविण्यासाठी तो कोणत्या अर्कात किती आहे, हे मोजण्याचे साधन हवे होते. ते साधन लॅक्टोबॅसिलस केसी या जिवाणूने पुरविले. फोलेट मिळाले तरच तो वाढतो. त्यामुळे त्याच्या वाढीवरून फोलेटचे प्रमाण ठरविता येते. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत, आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील गटाने १९४५ मध्ये फोलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार केले. त्या काळात या पदार्थाला 'केसी घटक' असेही म्हटले जाई.

ब-१२ च्या बाबतीतही असेच घडले. मेरीलँड विद्यापीठातील मेरी शॉर्ब यांना लॅक्टोबॅसिलसच्या एका प्रकाराच्या वाढीसाठी यकृताच्या अर्कातील एक घटक लागतो, असे आढळले. या जिवाणूच्या साहाय्याने तपासणी सोपी झाली आणि १९४८ मध्ये ब-१२ चे लाल स्फटिक हाती आले. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९५६ पर्यंत त्याची संपूर्ण रचना उलगडली. अशा महत्त्वाच्या रेणूंच्या रचना निश्चित केल्याबद्दल त्यांना १९६४ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. मध्यभागी कोबाल्टचा अणू असलेला हा रेणू सर्व जीवनसत्त्वांमध्ये सर्वांत मोठा आणि गुंतागुंतीचा आहे.

दुहेरी तटबंदी

ब-१२ च्या वाहतुकीचा सर्वाधिक अभ्यास ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूत झाला आहे. हा जिवाणू ब-१२ स्वतः मुळापासून तयार करू शकत नाही. तो ग्रॅम-निगेटिव्ह गटातील आहे. या गटातील जिवाणूंना एकाऐवजी दोन पटले असतात. बाहेरचे ते बाह्यपटल आणि आतले ते अंतःपटल. दोहोंच्या मध्ये एक अरुंद पोकळी असते. जुन्या वाड्याला बाहेरचा दरवाजा, त्यामागे देवडी आणि नंतर आतले दार असे, तशीच ही रचना समजता येईल.

बाह्यपटलात पोरिन नावाच्या प्रथिनांची छिद्रे असतात. सुमारे ६०० डाल्टनपर्यंत वजनाचे लहान रेणू त्यांतून ये-जा करू शकतात. बायोटिनचे वजन २४४ डाल्टन, तर रायबोफ्लेविनचे ३७६ डाल्टन आहे. ब-१२ चे वजन मात्र सुमारे १,३५५ डाल्टन आहे. ते या छिद्रांतून जाऊ शकत नाही.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. व्हँकोमायसिन या प्रसिद्ध प्रतिजैविकाचे वजन सुमारे १,४५० डाल्टन, म्हणजे जवळपास ब-१२ एवढेच आहे. अनेक जिवाणूंवर ते प्रभावी ठरते, परंतु ई. कोलायसारख्या जिवाणूंवर ते सहसा चालत नाही, कारण त्याला बाह्यपटल ओलांडता येत नाही. साधारण सारख्याच आकाराच्या या दोन रेणूंपैकी एक आत जातो आणि दुसरा बाहेर राहतो. फरक इतकाच, की ब-१२ साठी खास दार आहे.

बाहेरचे दार

या दाराचे नाव बीटीयू-बी. 'बी ट्वेल्व्ह अपटेक', म्हणजे ब-१२ चे ग्रहण, या इंग्रजी शब्दांवरून ते ठेवले आहे. या प्रथिनाची रचना २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. साधारण ६०० अमिनो आम्लांच्या या साखळीचा मोठा भाग बाह्यपटलात पिंपाच्या आकारात वळलेला असतो. लाकडी पिंपाला जशा उभ्या फळ्या असतात, तशा या पिंपाला प्रथिनाच्या बावीस पट्ट्या असतात. मात्र हे पिंप पोकळ नसते. त्याच प्रथिनाचा सुरुवातीचा भाग आत घडी होऊन बसलेला असतो आणि तो बुचाचे काम करतो. दार असूनही पेशी उघडी पडत नाही, ती या बुचामुळे.

पिंपाच्या बाहेरच्या तोंडाशी काही लवचीक वेटोळी असतात. कॅल्शियमचे आयन त्यांना योग्य जागी स्थिर करतात. ही वेटोळी आणि बुचाचा वरचा भाग मिळून ब-१२ ला घट्ट धरतात. आतड्यातील द्रवात हे जीवनसत्त्व अत्यल्प प्रमाणात असले तरी ते पकडले जाते, इतकी ही पकड पक्की असते.

एका पेशीवर बीटीयू-बीचे सुमारे दोनशेच रेणू असतात. ही संख्या लहान वाटली तरी गरजही तशीच अल्प आहे. ब-१२ वर विसंबून मेथिओनिन तयार करावयाचे झाल्यास ई. कोलायच्या एका पेशीला या जीवनसत्त्वाचे वीस-पंचवीस रेणू पुरतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

बळ कोठून येते?

जीवनसत्त्व दारात आले तरी ते आपोआप आत सरकत नाही. बूच हलविण्यासाठी ऊर्जा लागते आणि बाह्यपटलाजवळ ऊर्जेचा कोणताही साठा नसतो. ती अंतःपटलातून आणावी लागते.

अंतःपटलाच्या दोन बाजूंना प्रोटॉनांचे प्रमाण असमान असते. धरणाच्या भिंतीमागे साठलेल्या पाण्याप्रमाणे या असमानतेत ऊर्जा साठलेली असते. अंतःपटलातील एक्सबी-बी आणि एक्सबी-डी ही प्रथिने प्रोटॉनांच्या प्रवाहातून ही ऊर्जा मिळवितात. अलीकडच्या संशोधनानुसार, पहिल्या प्रथिनाच्या पाच आणि दुसऱ्याच्या दोन साखळ्या मिळून एक सूक्ष्म यंत्र बनते. त्याला जोडलेले टॉन-बी हे लांबट प्रथिन मधली पोकळी ओलांडून बाह्यपटलापर्यंत पोहोचते.

ब-१२ दारात बसले की बीटीयू-बीच्या बुचाचे एक लहानसे टोक आतल्या बाजूस मोकळे होते. टॉन-बी ते टोक पकडते. २००६ मध्ये या दोन प्रथिनांची एकत्रित रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा ही पकड कशी असते हे स्पष्ट झाले. टॉन-बीने ओढ दिल्यावर बुचाचा काही भाग उलगडतो, वाट मोकळी होते आणि जीवनसत्त्व आत उतरते. बूच किती उलगडते आणि ते पूर्ववत कसे बसते, याविषयी शास्त्रज्ञांमध्ये अद्याप एकमत झालेले नाही.

देवडीतून आतल्या दाराकडे

मधल्या पोकळीत ब-१२ ला बीटीयू-एफ हे प्रथिन गाठते. त्याचे दोन भाग एका लांब दांड्याने जोडलेले असतात आणि त्यांच्या बेचक्यात जीवनसत्त्व बसते. बीटीयू-एफ ते घेऊन अंतःपटलातील दारापर्यंत जाते.

हे आतले दार चार साखळ्यांचे असते. बीटीयू-सी नावाच्या दोन साखळ्या अंतःपटलात रुतलेल्या असतात. त्या प्रत्येकीत पटलाच्या आरपार जाणारे दहा मळसूत्री दंड असतात. या वीस दंडांच्या मधून जीवनसत्त्वाची वाट जाते. त्यांच्या खाली, पेशीच्या आतल्या बाजूस, बीटीयू-डीच्या दोन साखळ्या असतात. एटीपी हे पेशीतील ऊर्जेचे चलन. बीटीयू-डी ते खर्ची घालून दाराला गती देते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील कॅस्पर लोकर, ॲलन ली आणि डग्लस रीस यांनी २००२ मध्ये या प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली. एटीपीवर चालणाऱ्या वाहकांच्या या कुळाला एबीसी वाहक म्हणतात. हे कूळ जिवाणूंपासून माणसापर्यंत सर्वत्र आढळते.

या दाराचे महत्त्वाचे वैशिष्ट्य असे, की त्याची बाहेरची आणि आतली अशी दोन्ही तोंडे एकाच वेळी उघडत नाहीत. तसे झाले तर प्रोटॉनांचा साठा वाहून जाईल आणि पेशी दुर्बळ होईल. २०१२ मध्ये लोकर यांच्या गटाने या प्रथिनाची एक मधली अवस्था टिपली. तीत दोन्ही तोंडे बंद असून मध्ये ब-१२ मावेल एवढी खोली दिसून आली. बीटीयू-एफने आणलेले जीवनसत्त्व या खोलीत येते, बाहेरचे तोंड मिटते आणि एटीपीच्या विघटनाबरोबर आतले तोंड उघडून ते पेशीत सोडले जाते.

'आता पुरे' हे कसे कळते?

पेशीत पुरेसे ब-१२ जमले की नवी दारे बनविणे हा अपव्यय ठरतो. त्यावर नियंत्रण ठेवण्याची जिवाणूंची पद्धत २००२ मध्ये उघडकीस आली. बीटीयू-बी तयार करण्याचा आदेश घेऊन जाणाऱ्या संदेशवाहक आरएनएच्या आरंभी एक विशिष्ट घडी असते. पेशीतील ब-१२ चे कार्यशील रूप थेट या घडीला येऊन चिकटते. त्यामुळे घडीचा आकार बदलतो आणि प्रथिन बनविण्याचे काम थांबते. येथे कोणत्याही नियंत्रक प्रथिनाची मध्यस्थी लागत नाही. अशा घड्यांना रायबोस्विच असे नाव देण्यात आले. त्याच सुमारास थायमिन आणि रायबोफ्लेविन यांच्यासाठीही अशीच व्यवस्था असल्याचे आढळून आले.

एक इंजिन, अनेक डबे

लॅक्टोबॅसिलससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंना बाह्यपटल नसते. त्यांच्यापैकी अनेकांनी वेगळी आणि अधिक काटकसरीची पद्धत स्वीकारली आहे. तिचा पहिला सुगावा १९७० च्या दशकाच्या अखेरीस लागला. फोलेट मोजण्यासाठी वापरल्या गेलेल्या लॅक्टोबॅसिलस केसी या जिवाणूवरच अमेरिकेत हेंडरसन आणि सहकारी काम करीत होते. फोलेट, थायमिन आणि बायोटिन यांना पकडणारी प्रथिने वेगवेगळी असूनही या जीवनसत्त्वांच्या वाहतुकीत परस्परांशी स्पर्धा होते, असे त्यांना दिसले. तिघांच्या वाहतुकीत कोणता तरी एक घटक सामाईक असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

या निष्कर्षाला ठोस आधार मिळण्यास तीस वर्षे लागली. २००९ मध्ये अनेक जिवाणूंच्या जनुकसंचांची तुलना करून आणि प्रयोगांच्या साहाय्याने या वाहकांचा एक स्वतंत्र वर्ग निश्चित करण्यात आला. त्याला ईसीएफ वाहक म्हणतात. त्यात एटीपी वापरणारी दोन प्रथिने आणि त्यांना जोडणारे तिसरे प्रथिन मिळून इंजिन बनते. जीवनसत्त्व ओळखून पकडणारे चौथे प्रथिन मात्र बदलते असते. रायबोफ्लेविनसाठी एक, थायमिनसाठी दुसरे, फोलेटसाठी तिसरे. एकच इंजिन आळीपाळीने वेगवेगळे डबे ओढते, असे म्हणता येईल.

२०१३ मध्ये चीनमधील दोन गटांनी अशा वाहकांची संपूर्ण रचना प्रसिद्ध केली. त्यात एक अनपेक्षित गोष्ट दिसली. पटलात उभे असावयास हवे ते जीवनसत्त्व पकडणारे प्रथिन इंजिनाला जोडलेल्या अवस्थेत चक्क आडवे झालेले होते. यावरून असे मानले जाते, की हे प्रथिन उभे असताना त्याचे तोंड बाहेर असते आणि ते जीवनसत्त्व धरते. नंतर ते पटलातच कलंडते आणि त्याचे तोंड आतल्या बाजूस येते. येथे वाहून नेणारे प्रथिनच कूस बदलते. हे ईसीएफ वाहक मानवी पेशीत नसतात, ही बाब औषधशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

आतड्यातील स्पर्धा

भारतात ब-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळते. पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या अभ्यासांत परिसरातील ग्रामीण गरोदर मातांमध्येही ती दिसून आली. तिचे मुख्य कारण प्राणिजन्य पदार्थांचे आहारातील अल्प प्रमाण हे मानले जाते. त्यावर एक प्रश्न नेहमी विचारला जातो. आतड्यातील जिवाणू ब-१२ तयार करतात, मग ते आपल्याला का मिळत नाही?

याचे उत्तर जागेत आहे. बहुतेक जिवाणू मोठ्या आतड्यात असतात, तर माणूस हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषून घेतो. अन्नमार्गात मोठे आतडे त्यानंतर येते. त्यामुळे तेथे तयार झालेल्या ब-१२ चा माणसाला फारसा उपयोग होत नाही. उलट काही आजारांत वा शस्त्रक्रियेनंतर लहान आतड्यात जिवाणूंची बेसुमार वाढ झाली, तर ते आहारातील ब-१२ मध्येच पळवितात आणि रुग्णाला कमतरता जाणवू लागते.

या स्पर्धेत जिवाणू किती तयारीचे आहेत, हे अलीकडे समजले. मोठ्या आतड्यात विपुल आढळणाऱ्या बॅक्टेरॉइड्स गटातील एका जिवाणूकडे ब-१२ साठी एक नव्हे, तर तीन वाहक असल्याचे २०१४ मध्ये दाखविण्यात आले. २०१८ मध्ये याच गटातील बीटीयू-जी या प्रथिनाचा शोध प्रसिद्ध झाला. माणसाच्या जठरात तयार होणारे इंट्रिन्सिक फॅक्टर हे प्रथिन ब-१२ ला घट्ट धरून ठेवते. बीटीयू-जीची पकड त्याहूनही घट्ट आहे आणि प्रयोगशाळेत ते इंट्रिन्सिक फॅक्टरकडून ब-१२ काढून घेऊ शकते, असे या संशोधनात आढळले. बाह्यपटलातील पिंपावर ते झाकणासारखे बसते, हे पुढे २०२३ मध्ये स्पष्ट झाले.

त्याच दाराने शत्रू

जीवनसत्त्वासाठी उघडलेल्या दाराचा गैरफायदा निसर्गात फार पूर्वीपासून घेतला जात आहे. जिवाणूंवर हल्ला करणारा बीएफ-२३ हा विषाणू बीटीयू-बीलाच चिकटून पेशीत शिरकाव करतो. कोलिसिन ही जिवाणूंनी एकमेकांविरुद्ध वापरावयाची विषारी प्रथिने होत. त्यांतील ई गटातील कोलिसिने पेशीवर उतरण्यासाठी बीटीयू-बीचा आधार घेतात. टॉन-बीचे नावदेखील टी-वन या विषाणूवरून पडले आहे. टॉन-बी निकामी झालेल्या पेशींत या विषाणूला शिरता येत नाही.

हीच युक्ती औषधनिर्मितीत वापरता येते, याचे उदाहरण आता उपलब्ध आहे. जिवाणू लोहदेखील टॉन-बीवर चालणाऱ्या अशाच पिंपांतून मिळवितात. लोह धरून ठेवणारा भाग जोडलेले सेफिडेरोकॉल हे प्रतिजैविक या लोहमार्गाने बाह्यपटल ओलांडते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला नोव्हेंबर २०१९ मध्ये मान्यता दिली. लोहाच्या बाबतीत जे साधले, ते जीवनसत्त्वांच्या बाबतीत साधता येईल काय, या दिशेने प्रयत्न सुरू आहेत.

मात्र प्रत्येक दार सारखे उपयोगाचे नाही. बीटीयू-बी गमावलेला ई. कोलाय कोलिसिनांना दाद देत नाही आणि तरीही जगतो. कारण मेथिओनिन बनविण्यासाठी त्याच्याकडे ब-१२ न लागणारे दुसरे विकरही असते. म्हणजे या दाराने पाठविलेले औषध चुकविण्यासाठी तो दारच बंद करू शकतो.

ज्या जिवाणूंना असा पर्याय नाही त्यांची स्थिती वेगळी आहे. दूषित अन्नातून गंभीर आजार पसरविणारा लिस्टेरिया हा जिवाणू रायबोफ्लेविन बनवू शकत नाही. त्याला ते ईसीएफ वाहकातून घ्यावेच लागते. स्ट्रेप्टोमायसिस वर्गातील एक जिवाणू रोझोफ्लेविन हा रायबोफ्लेविनशी साम्य असलेला पदार्थ तयार करतो. लिस्टेरियाचा वाहक त्याला रायबोफ्लेविन समजून आत घेतो आणि जिवाणूची वाढ खुंटते. परंतु २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याची दुसरी बाजूही पुढे आली. रोझोफ्लेविनमुळे लिस्टेरियाची रोगकारक जनुके अधिक सक्रिय होत असल्याचे त्यात दिसले. केवळ दार सापडले म्हणून औषध सापडले असे होत नाही, याची ही जाणीव होय.

क्षयाच्या जिवाणूतील वाट

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. त्यामुळे क्षयाच्या जिवाणूतील जीवनसत्त्वांच्या वाहतुकीकडे आपल्या दृष्टीने विशेष लक्ष द्यावयास हवे. या जिवाणूत बीटीयू कुळातील ओळखीचे दार सापडत नव्हते, तरीही तो बाहेरचे ब-१२ घेतो असे दिसत होते. हे काम बॅक-ए नावाच्या निराळ्याच एबीसी वाहकावर अवलंबून असते, असे २०१३ मध्ये सिद्ध झाले.

या प्रथिनाची रचना नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केली. त्याच्या मधोमध पाण्याने भरलेली सुमारे ७,७०० घन अँगस्ट्रॉम आकारमानाची प्रचंड पोकळी आढळली. बीटीयू-सीच्या नेमक्या मापाच्या वाटेशी तिचे काहीही साम्य नाही. या पोकळीत केवळ ब-१२ नव्हे, तर ब्लिओमायसिनसारखे पूर्णतः वेगळे, पाण्यात विरघळणारे रेणूही सामावतात आणि पेशीत जातात. क्षयाच्या जिवाणूचे आवरण जाड आणि मेणचट असल्याने अनेक औषधे त्याच्या आत पोहोचत नाहीत. अशा जिवाणूच्या पटलात फारशी निवड न करणारे एक दार आहे, ही माहिती म्हणूनच मोलाची ठरते.

पुढील वाटचाल

वाहक प्रथिनांची रचना कळणे आणि त्यावर आधारित औषध रुग्णापर्यंत पोहोचणे, या दोहोंमध्ये दीर्घ अंतर आहे. रेणू दारातून आत जावयास हवा, आत गेल्यावर परिणामकारक ठरावयास हवा, रुग्णाच्या स्वतःच्या पेशींना अपायकारक नसावा आणि जिवाणूला ते दार बंद करता येऊ नये. या सर्व कसोट्या एकाच वेळी पूर्ण कराव्या लागतात. त्यांपैकी शेवटची कसोटी कोणत्या जिवाणूच्या बाबतीत पूर्ण होते, हे त्या जिवाणूला कोणते जीवनसत्त्व स्वतः बनविता येत नाही यावर ठरते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शास्त्रज्ञांनी जिवाणूंची हीच उणीव जीवनसत्त्वे शोधण्यासाठी वापरली होती. आता तीच उणीव त्या जिवाणूंना रोखण्यासाठी तपासली जात आहे.